नऊ नंबरचा माल

चूक सुलेखाचीच होती. सोमवारी घाईघाईत तिने मागच्या आठवड्याचा तक्ता उचलला, तारखा तेवढ्या बदलल्या आणि प्लॅन खाली प्रेस शॉपवर पाठवून दिला. नऊ नंबर प्रेस, पहिली शिफ्ट, कडुबा, चारशे ऐंशी नग. कडुबा मागच्या मंगळवारीच बजाजनगरच्या खोलीत झोपेत गेला, हे काय तिला ठाऊक नव्हतं? ती त्याच्या मातीलाही जाऊन आली होती. पण घाईत हात पुढे धावला आणि डोकं मागे राहिलं.

चूक ध्यानात आली ती शिफ्ट सुटल्यावर. आता बोलणी खावी लागणार म्हणून जीव मुठीत धरून तिने दिवसाचा माल पाहिला, तर नऊ नंबरपुढे चारशे ऐंशी. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच, एक नग कमी नाही की जास्त नाही.

आज गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजले होते, वाळूजचं ऊन पत्र्याच्या फटींतून लख्ख खाली येत होतं आणि वरच्या प्लॅनिंग ऑफिसच्या काचेतून सुलेखाला नऊ नंबर स्वच्छ दिसत होती. प्रेस खाली येत होती, वर जात होती. पुढे कोणीच उभं नव्हतं. दोन हातांनी दाबायची दोन हिरवी बटणं आपसूक आत जात होती आणि पेटीत नग पडत होते. आठ नंबरवरचा अभय सकाळपासून तिकडे पाठ करून काम करत होता. चहाच्या सुट्टीत सगळे उठले, तेव्हा नऊ नंबरही दहा मिनिटं थांबली होती.

सुलेखाला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. मेलेल्या माणसाला तिने ड्यूटी लावली होती.

"सर, मी नाव काढते," ती म्हणाली.

प्लांट मॅनेजर विश्वजीत तिच्या मागेच उभा होता. त्याने काचेतून एकदा पाहिलं आणि नजर मोबाइलवर नेली. "शनिवारी गाडी भरायची आहे. नऊ नंबर बंद पडली तर रोज चारशे ऐंशीचा खड्डा. तुला कायम करायचं पत्र याच महिन्यात निघणार आहे ना? आकडा जुळतोय, हात लावू नकोस."

एवढं बोलून तो खाली राउंडला गेला. त्या पत्रासाठी सुलेखाने दोन वर्षं काढली होती.

तेवढ्यात फोन आला. कडुबाचा मुलगा आकाश गोदावरीच्या घाटावरून बोलत होता.

"मॅडम, आज अण्णांचा दहावा हाय. दोन घंटे झाले, कावळा शिवंना. खाली उतरतेत, पिंडापाशी येतेत अन् माघारी जातेत. बहिणीचं लग्न करतो म्हणलो, आईला सांभाळतो म्हणलो, सगळं कबूल करून झालं. गुरुजी म्हणतेत, दर्भाचा कावळा करू. पण आई ऐकंना. ती म्हणती, कंपनीत इचार, त्यांचं काही राह्यलंय का तिथं?"

सुलेखाने तक्ता उघडला. कडुबाचं नाव पुसलं, चारशे ऐंशीच्या जागी शून्य टाकलं.

"आकाश, पिंडापाशी जा आणि मोठ्याने सांग. कडुबाकाका, तुमची ड्यूटी सुटली. सुलेखाने नाव काढलंय म्हणावं."

तो ओरडून सांगताना तिला ऐकू आला. मध्येच त्याचा आवाज चिरकला. मग नुसता वारा. आणि एकदम गलका उठला, "शिवला! शिवला!" त्यातच कडुबाच्या बायकोचं, मनकर्णाबाईचं रडणं.

काचेपलीकडे नऊ नंबर वर गेली ती वरच थांबली. अभयने आज पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. सुलेखाने टेबलावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. तिला फार हलकं वाटलं.

विश्वजीत पाच मिनिटांत परत आला. सुलेखाने आकाशच्या फोनचं सांगून टाकलं, तो ओरडला मात्र नाही. तिची खुर्ची त्याने बाजूला सारली, उभ्या उभ्याच गेल्या दिवाळीचा तक्ता उघडला आणि बोटाने एकेक नाव खाली उतरत गेला. एका नावाशी बोट थांबलं. सांडू. दिवाळीनंतर कामावर येताना ट्रकखाली सापडला होता तो.

"सर, सांडू तर..."

"माहितीये." त्याने ते नाव नऊ नंबरपुढे टाकलं. पुढे चारशे ऐंशी लिहिलं. खाली प्रेसचा ठोका पडला.

"आईबाप नाहीत, लग्नही झालेलं नव्हतं," विश्वजीत म्हणाला. "याच्यासाठी कोणाचा फोन येणार नाही."