भिवाजीच असन

देवाजी मास्तर पोचले तेव्हा साक्ष अर्धीअधिक होऊन गेली होती. आदिलाबादच्या कोर्टातला मराठीचा दुभाषी मध्येच तापाने पडला, म्हणून शिपायाने त्यांना भर वर्गातून उठवून आणलं होतं. बोटांना खडू तसाच होता. आठवीच्या मुलांना ते 'मस्ट' आणि 'माइट' शिकवत होते. मस्ट म्हणजे पक्की खात्री, माइट म्हणजे नुसता अंदाज.

इमानाने भाषांतर करीन, अशी शपथ त्यांनी घेतली. मग आरोपीकडे नजर गेली. भिवाजी होता. तलमडुगूच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला, सातवीतून बापामागे मजुरीला गेलेला. गुडीहत्नूरचं कापसाचं गोदाम कुणी पेटवलं, आत राखणदार होरपळून मेला, हे त्यांनी ऐकलं होतं. धरलेला माणूस भिवाजी, हे आत्ता कळत होतं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात द्वारकाबाई नावाची म्हातारी उभी होती. न्यायाधीश गुंटूरकडचे, मराठीचा गंध नसलेले. त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मास्तरांनी मराठीत सांगितलं: त्या संध्याकाळी नाल्यापाशी दिसलेला माणूस कोण होता?

"पाठमोरा होता," म्हातारी म्हणाली. "पन भिवाजीच असन."

मास्तर थबकले. असन! आपल्या बोलीतला हा 'असेल' दोन्हीकडे झुकतो. म्हातारीच्या आवाजात तर तिळभर शंका नव्हती. 'मस्ट' म्हटलं की पोराच्या गळ्यात फास. 'माइट' म्हटलं तर वाचायला फट राहते. खोटं कुठे बोलतोय आपण, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"माइट," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. भिवाजीचा भाऊ डोमाजी मागून तसाच दिसतो का, असं त्यांनी विचारलं.

"डोमाजी याच्याहून हातभर उंच हाय. तो नव्हता."

मास्तरांनी हातभर उंचीची 'किंचित' उंची केली. ही मात्र धडधडीत लबाडी होती. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्या मुलाला एक मार्कही फुकट दिला नव्हता.

समोर दोन वकील होते. कोण कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक काही विचारायला उठला आणि न विचारताच बसला. दुसरा मान खाली घालून कागद चाळत राहिला. म्हातारीची साक्ष ढिली पडली, एवढं मास्तरांनी ओळखलं.

बाहेर लिंबाखाली ते टेकले. शपथ मोडली होती, पण पोरगा वाचेल; त्या तराजूत शपथ हलकीच, असं ते मनाला समजावत होते.

भिवाजीची बायको भागीरथा पदर सावरत आली आणि त्यांच्या पायाशी वाकली.

"मास्तर, तुमी होते म्हनून बरं झालं," ती म्हणाली. "आग लागली तवा हे दहा कोस दूर, आपल्या तलमडुगूच्या नाल्यावर होते. ते पाह्यलेली द्वारकाबाई एकलीच हाय."