फ्रिजचा निरोप

"हे गेलं कामातून," असं म्हणत मुलाने फ्रिजच्या दारावरचं चिमुकलं यंत्र उचकटलं आणि खिशात टाकलं. आई ओट्याला टेकून उभी होती.

आई एकटी राहायची. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, हातपाय चालतात तोवर आपलं घर बरं. म्हणून त्याने हे यंत्र बसवलं होतं. न्याहारीचं दूध, पाव, लोणी सगळं फ्रिजमध्ये. सकाळी ते दार उघडलं म्हणजे आई उठली, हिंडतीफिरती आहे असं समजायचं. वेळेत उघडलं नाही तर त्याचा मोबाइल वाजायचा.

सुरुवातीला तो क्वचितच वाजला. मग एक दिवसाआड वाजू लागला, आणि आता तर रोज. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असला तरी हातातलं काम टाकून वर यायचा आणि फोन लावायचा. आई लगेच उचलायची.

"अगं, फ्रिज उघडला नाहीस?"

"उघडला की मघाशीच. तुझा खोकला कसा आहे?"

मग चार इकडच्यातिकडच्या गोष्टी व्हायच्या. आई ठणठणीत आहे, यंत्रच बिघडलंय, असं त्याने ठरवून टाकलं. जन्मभर यंत्रांचे बिघाड शोधलेला माणूस तो. आईवर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"आता बघ," भिंतीवर नवं यंत्र ठोकून तो ऐटीत म्हणाला. स्वतःच्या हुशारीचं त्याला मनापासून कौतुक वाटत होतं. "फ्रिजबिजची भानगडच नाही. तू घरात नुसती चाललीस तरी मला कळेल."

"म्हणजे तू फोन नाही करणार?"

"कशाला? मोबाइलवर हिरवा दिवा दिसला की झालं. तुलाही कटकट नको, मलाही नको."

आईने त्या यंत्राकडे पाहिलं. मग हसली, पण ते हसू काही तिला जमलं नाही.

"चला, बरं झालं," ती म्हणाली. "तुझा फोन येईपर्यंत रोज उपाशी बसावं लागायचं, ते तरी सुटलं."