निर्धास्त

डायलिसिसच्या खाटेवरून हौसाबाईंनी मला ओळखलं.

"हेच ते डॉक्टर," त्या शेजारणीला म्हणाल्या. "चार वर्षं गावात येऊन आम्हा शुगरवाल्यांचं रक्त तपासायला न्यायचे. वर चहा-बिस्कीट द्यायचे."

"मग किडनीचं आधी नाही कळलं?"

"रक्तात काही असतं तर बोलले नसते का? ते बोलले नाहीत, म्हणून मी निर्धास्त."

सोबतचे विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागले.

मूत्रपिंड बिघडू लागल्याची खूण त्यांच्या रक्तात दुसऱ्याच वर्षी दिसली होती. संशोधनातल्या सहभागींना निष्कर्ष कळवू नयेत, हा नियम मीच लिहिला होता. मी बोललो होतोच. पण व्हिएन्नाच्या परिषदेत, वीस मिनिटं, आलेखातल्या त्यांच्या ठिपक्यावर बोट ठेवून.

हौसाबाईंनी उशाखालचा बिस्किटांचा पुडा पुढे केला.

"घ्या, डॉक्टर. तुम्ही आम्हाला कधी उपाशी नाही पाठवलंत."