विझलेला ठिपका

यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावरचा हेमांगीचा हिरवा ठिपका विझला होता. तो ठिपका त्यांच्या या मुलीच्या मनगटावरच्या पट्टीचा होता. पट्टी अंगाच्या उबेवर चालायची, तिला बॅटरी नव्हती. ती बंद पडायची ती एक तर काढून ठेवली तर, नाहीतर अंगच गार पडलं तर. यमुनाबाई तशाच उठल्या आणि हेमांगी कामाला होती त्या रंगाच्या कारखान्याकडे धावत सुटल्या. फाटकावरचा रखवालदार अडवत होता, पण त्या थांबल्या नाहीत.

हेमांगी मशीनपाशी उभी होती. पट्टी तिच्या खिशात होती.

"अगं, जीव गेला होता माझा! काढलीस कशाला?"

"हळू बोल, आई. हवेत रंगाची विषारी वाफ वाढली की ही पट्टी लाल होते. लाल झाली की घरी पाठवतात, परत बोलवत नाहीत. इथे सगळ्याच काढून ठेवतात."

बोलताना तिला धाप लागत होती. तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे निळे पडले होते.

यमुनाबाईंनी तिच्या खिशातून पट्टी काढून मनगटावर बांधली. क्षणात ती लालभडक झाली आणि वाजू लागली. सुपरवायझर आला. "हिला बाहेर न्या," एवढंच म्हणाला.

"काय केलंस गं हे!" हेमांगी रडू लागली.

तिला दवाखान्यात न्यायला धरून चालवताना यमुनाबाईंनी मागे पाहिलं. मशीनपाशी दुसरी मुलगी येऊन उभी राहिली होती.

"पोरी, पट्टी घाल गं!" त्या ओरडल्या.

मुलीने वर पाहिलं, आणि मोकळं मनगट ओढणीखाली झाकून घेतलं.