मागची खोली

"करा सही, वहिनी. टेम्पोवाला खोळंबलाय." हिंदुरावांनी कोरा चेक पुढं सरकवला.

शकुंतलाबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

विजापूर रोडवरचा हा बंगला हिंदुरावांचा; कागदावर मात्र विधवा भावजयीचा. स्वतःच्या नावावर घेतला तर कर, बायकोच्या नावावर घेतला तरी भुर्दंड शेवटी यांनाच. मग उरलं कोण? जिच्या नवऱ्याच्या वाटणीची माळशिरसची जमीन आधीच घशात घातली होती, ती. सही झाली आणि मालकीणबाईंची रवानगी झाली मागच्या खोलीत, पाण्याच्या मोटरीशेजारी. "एकट्या बाईला लागती किती जागा?" हिंदुराव तेव्हा म्हणाले होते. मोटर सुरू झाली की खाट थरथरायची. जेवायला हाक यायची ती सगळ्यांची ताटं उचलल्यावर. कधी रस्सा उरायचा, कधी नुसतं खरकटं पातेलं. बाई गिळत राहिल्या, भाकरीही आणि रागही.

यंदा हिंदुरावांच्या कानावर आलं, एक घर विकून दुसरं घेतलं, लहान का असेना, की नफ्यावरचा कर वाचतो. झालं! गडी हरखला. बंगला विकायचा, वहिनीच्या नावानं दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन सवलत लाटायची, आणि उरलेल्या पैशात स्वतःला पुण्यात ऐसपैस घर. शकुंतलाबाई दाखवतील तिथं मुकाट्यानं सह्या करत गेल्या. बंगला विकला, फ्लॅट झाला, उरलेला पैसा बाईंच्या खात्यात पडला. राहिली होती ती ही एकच सही.

"न्हाय करायची," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"घर माझं हुतं. पैसं बी माझंच."

हिंदुरावांचं तोंड पांढरं पडलं. "कोर्टात खेचीन!"

"खेचा की. कर चुकवायला भावजयीच्या नावावर घर केलं, हे तुमच्याच तोंडानं सांगा जजसायबाला."

हिंदुरावांनी बाहेरच्या टेम्पोकडं बघितलं. बंगल्याचा ताबा आजच द्यायचा होता. फ्लॅटात आणि पुण्याला जायचं सगळं सामान टेम्पोत चढलं होतं आणि पुण्याचं घर तर आत्ताच हातचं गेलं होतं. त्यांच्या बायकोनं, बजाबाईनं, पदर तोंडाला लावला.

"आता आमी जायाचं कुटं, अक्का?"

शकुंतलाबाईंना हे ऐकायला इतकं गोड वाटलं, की उत्तर द्यायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला.

"असं काय म्हणतीस गं? आपलीच माणसं तुमी. माझ्या फ्लॅटात मागची खोली रिकामीच हाय की."

हिंदुरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी मान वर केली, हातसुद्धा जोडले. शकुंतलाबाईंनी नव्या घराच्या किल्ल्या कमरेला खोचल्या.

"जेवायला मात्र माझं ताट उचलल्यावर यायचं."