ब्याण्णव टक्के

“पत्रिका नको, स्वभाव जुळायला हवेत,” असं म्हणून पुष्करनं आठवड्यापूर्वीच स्वभावचाचणीची लिंक स्वतःच्या निकालासकट पाठवली होती. आज पोहे खाऊन झाल्यावर मोठ्यांनी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं, तर तिथेही तो मोबाइलच उघडून बसला. “ब्याण्णव टक्के जुळतंय आपलं,” तो खुशीत म्हणाला.

शर्वाणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ती चाचणी तिनं आठवडाभर पुन्हा पुन्हा दिली होती. आईशी भांडून दिली तर हट्टी निघाली, पगार झाल्यावर दिली तर दिलदार. दर वेळी निराळीच बाई. त्यातली याच्याशी जुळेल ती निवडून तिनं पाठवून दिली होती. आणि खाली आईचं बोलणं एव्हाना साखरपुड्याच्या हॉलपर्यंत आलं असणार.

“ती मी नाहीये,” ती एकदम बोलून गेली, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

पुष्करचा चेहरा उतरला. जरा वेळानं त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. “मग आत्ता द्या, माझ्यासमोर.”

पहिलाच प्रश्न होता: अनोळखी माणसाला तुम्ही मनातलं सांगता का?

बाकीची उत्तरं दर वेळी बदलली, पण हे एक तिनं कधीच बदललं नव्हतं. सवयीनं तिचं बोट ‘कधीच नाही’कडे गेलं, आणि तिथेच अडलं.

पुष्करनं वाकून प्रश्न वाचला. मग मोबाइल बंद करून खिशात टाकला.