बर्फातली बाटली

“चार महिने, बाबा! चार महिने तू माझ्याशी खोटं बोलतोयस!”

मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळचा लिलाव ऐन रंगात आला होता आणि मृणालीनं तिथंच, भर गर्दीत, बापाला गाठलं होतं. खलाशांचा म्होरक्या, केरू तांडेल, नुकताच बोटीवरून उतरला होता. उजव्या पायाला फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दर्यावरून आलेल्या माणसाला आधी चहा तरी विचारावा की नाही? छे! तो बोटीवर गेल्यावर त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि डॉक्टरांनी पोरीलाच फैलावर घेतलं होतं. साखर अशीच राहिली तर पायाचा काळा पडत चाललेला अंगठा कापावा लागेल, म्हणाले.

“टोचतो गो रोज,” केरू हळूच म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ. तुझ्या आयशीची शपथ.”

“मेलेल्या आईला मधे आणू नकोस! डॉक्टर म्हणाले, हा माणूस इन्सुलिन घेतच नाही. घेतलं असतंस तर साखर चारशेच्या वर गेली असती? लबाड आहेस तू! एक नंबरचा लबाड!”

अख्ख्या जेटीनं ऐकलं. पापलेटाच्या ढिगावर बोली लावणारी गोदूबाई पुढचा आकडाच विसरली. अहो, ज्याच्या एका शब्दावर खलाशी घरदार मागं टाकून दर्यात शिरतात, त्या माणसाला पोटची पोर चारचौघांत लबाड म्हणते! आणि पोर कोण, तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी. म्हणजे मोठी शहाणीच की.

“बाटली कुठाय?” मृणालीनं त्याची पिशवी ओढली. “भरलेलीच असणार. दाखव.”

“पिशवीत नाय. खणात हाय.”

“कसल्या खणात?”

“मासळीच्या. ये, दाखवतो. ये ना!” आता केरूचाही आवाज चढला. लंगडत लंगडत तो परत बोटीवर चढला. मृणाली तणतणत मागून गेली.

खलाशी खणातून मासळी उपसत होते. केरू कडेला पालथा पडला, कोपरापर्यंत हात बर्फात घातला आणि चाचपून एक झाकणाचा डबा वर काढला. डब्यात इन्सुलिनची बाटली होती. अर्धी संपलेली. मृणालीनं ती उलटी केली. आतलं काहीच हललं नाही.

“गोठलीय ही,” ती म्हणाली.

“रोजच गोठते. मीठ मारलेला बरफ हाय तो. काखेत धरतो, वितळली की टोचतो. एक वेळ चुकलो नाय. विचार ह्या रघूला.”

रघू खलाशानं मान डोलावली. “आमी हसायचो त्यांना. तांडेल काखेत अंडी उबवतायत म्हणून.”

मृणाली हसली नाही. इन्सुलिन म्हणजे प्रथिनच. प्रथिनांचा धडा तिनं कालच संपवला होता. प्रथिन म्हणजे एक दोरा, पोरांनो. पेशी तो विणते, त्याची नेमकी घडी घालते, पिशवीत भरते आणि वेशीबाहेर धाडते. सगळी करामत त्या घडीत. जाळ्याचंच बघा ना, दोरा तोच, पण गुंता झाला तर एक बांगडा अडकेल का? उष्णतेनं ही घडी मोडते, हे तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. गोठवल्यानंही मोडू शकते, हे पुस्तकात त्याच्याच खाली होतं. तेही तिनं वाचून दाखवलं होतं. दरवर्षी दाखवते.

“पण बर्फात ठेवायला सांगितलं कोणी तुला?” ती ओरडली. कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

“तू.”

“मी?”

“मग कोण? चार महिन्यांमागं पयली बाटली आणलीस तेव्हा काय म्हणालीस? बाबा, हे पण प्रथिनच, मासळीसारखं. उन्हानं नासतं, थंडात जप. मासळी कशी जपतात ते मला शिकवू नको, म्हणालो मी, तर हसलीस. पार तळाला ठेवत होतो, बरफ टिकतो तिथं. सुरमईच्याही खाली!”

मृणालीला स्वतःचा इतका राग आला की बाटली दर्यात भिरकावून द्यावीशी वाटली. हसली होती ती. खरंच हसली होती.

“मग मी इतके दिवस टोचलं काय?” केरूनं विचारलं.

“पाणी. पाण्यासारखंच, बाबा. त्यातलं औषध मरून गेलेलं.” तिनं त्याचा दंड धरला. “चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. मी सांगते डॉक्टरांना. चांगली बाटली आजपासून सुरू केली तर अंगठा वाचेलही.”

केरूनं दंड सोडवून घेतला.

“डॉक्टरला मागाहून सांग. अंगठा गेला तर गेला मेला! अंगठ्यावाचून बोट हाकता येते. लबाडाच्या हाताखाली कोण येतो गो दर्यात?” त्यानं जेटीकडे बोट केलं. गोदूबाई, खरेदीदार, टोपल्या धरलेल्या बाया, सगळे कठड्याशी येऊन उभे राहिले होते. “त्यांना सांग. जेवढ्या मोठ्यानं लबाड म्हणालीस ना, तेवढ्याच मोठ्यानं.”

लिलाव थांबलेला होता. सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते. आणि भरल्या वर्गात माइकशिवाय शिकवणाऱ्या मृणालीच्या घशातून आवाज फुटेना.